सामाईक भिंतीची आमची बाजू

आगोट लागली हे पूर्वी मला आवाजावरून कळायचं, आता वासावरून कळतं. मे महिना सरत आला की खालच्या आळीतून सुकत घातलेल्या बोंबलांचा आणि जवळ्याचा वास तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत येतो. माझी बायको सुनंदा कपडे वाळत घालता घालता नाक मुरडते आणि म्हणते, "आली वाटतं आगोट." पावसाच्या तोंडावरचे हे दिवस. पुढचे चार महिने जे मिळणार नाही ते सगळं घरात भरून घ्यायची डहाणू गावात एकच घाई उडालेली असते. आता बाराही महिने सगळं मिळतं, पण घाई शिल्लक आहे. आमच्या बिल्डिंगमधल्या बायकासुद्धा या दिवसांत सुकटीची एखादी पिशवी जास्तीची आणून ठेवतात. का आणली, असं विचारलं तर त्यांना धड सांगता येत नाही.

आवाज असायचा तो कौलांचा. कौलावर कौल ठेवलं की भाजक्या मातीचा एक कोरडा, पोकळ आवाज होतो. शाकारणी सुरू झाली की तो आळीच्या एका टोकाला उठायचा आणि घर घर करत आमच्याकडे सरकत यायचा. छपरावरची सगळी कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची, वासे-रिपा तपासायच्या आणि पुन्हा सगळं जिथल्या तिथे बसवायचं. आमचा नंबर यायचा त्या दिवशी घरावर छप्पर नसे. ज्या स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागे त्या स्वयंपाकघरात लख्ख आकाश उतरलेलं असे. आई चूल सोडून पुढच्या ओट्यावर तीन दगड मांडून पिठलं करायची, आणि त्या पिठल्यातही वरून पडलेली काजळी असायचीच. मला तो दिवस दिवाळीपेक्षा आवडायचा. रोजच्याच भिंती, पण आकाशाखाली त्यांचा रंग वेगळाच दिसायचा, आणि आपलं घर इतकंसं आहे हे बघून हसू यायचं.

आमची आळी म्हणजे एकाला एक चिकटून असलेल्या घरांची रांग. प्रत्येकाचं घर वेगळं, पण भिंती सामाईक आणि छप्पर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच. मंगलोरी कौलाच्या एका कडेला खोबण असते, ती शेजारच्या कौलाने झाकायची असते. त्यामुळे आमच्या घराच्या कडेचं कौल शेजारच्यांच्या कौलावर बसायचं. ज्यांच्याशी वर्षभर बोलणं नाही त्यांनाही आगोटीत हाक मारावी लागे. कडेचं कौल बसलं की पुन्हा अबोला धरायला दोघेही मोकळे.

भिंतीचा कायदा मात्र याहून कडक होता. तो कुणी कुणाला शिकवला नव्हता, सगळ्यांना ठाऊक होता. सामाईक भिंतीला दोन बाजू. ज्याच्या घरात जी बाजू, ती त्याची. चुना त्याने लावायचा, पोपडे निघाले तर त्याने बुजवायचे, खिळा ठोकायचा तर त्याने ठोकायचा, फक्त तो पलीकडे निघू द्यायचा नाही. शेजाऱ्याच्या बाजूची अवस्था कितीही वाईट असो, आपण त्यावर अक्षर काढायचं नाही. आईने एकदा पलीकडच्या घरी हळदीकुंकवाला गेली असताना त्यांच्या भिंतीचा पोपडा सहज बोटाने काढला होता. घरी आल्यावर ती स्वतःवरच चिडली होती, "मला काय गरज होती त्यांच्या भिंतीला हात लावायची?" म्हणाली.

नोकरीमुळे मी लोकांच्या भिंती फार पाहिल्या. विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायचं काम. आशागडपासून तलासरीपर्यंत, आणि पुढे पार उधव्यापर्यंत मी सायकलवर आणि मग मोटारसायकलवर फिरलो. मीटरवाल्या माणसाला घर उंबऱ्यापर्यंतच दिसतं, पण रोज इतके उंबरे दिसतात की तेवढ्यावरून त्याला बरंच कळू लागतं. जुन्या घरांत मीटर ओटीवर, वळचणीच्या आत असायचा. आकडा वाचायला आत यावं लागे. आत आलं की कुणीतरी पाणी विचारी, कुणीतरी बिल जास्त आल्याबद्दल माझ्यावर ओरडे. नव्या बिल्डिंगांत सगळे मीटर जिन्याखाली एका जाळीत ओळीने लावलेले असतात. तिथे कुणी ओरडायला नसतं. नोकरीच्या शेवटच्या काळात मी सबंध दिवसात दोन माणसांशीही बोलत नसे, आणि खरं सांगायचं तर काम लवकर उरकतं म्हणून मला त्याचं बरंही वाटे.

उधव्याच्या पलीकडे एका पाड्यावर रावजी नावाचा शेतकरी होता. त्याला नवीन पक्कं घर मिळालं होतं. विटांच्या भिंती, वर स्लॅब, दाराला चकचकीत रंग. मीटरही त्या घरालाच बसवलेला. बाजूला त्याचं जुनं घर तसंच उभं होतं, कारवीच्या काठ्यांचा कूड, वरून माती आणि शेण लिंपलेलं. मी रीडिंग घ्यायला गेलो की युनिट जवळजवळ काहीच पडलेले नसत. मी विचारलं, "रावजी, दिवा लावत नाय काय रे?"

"लावायला आमी आत कुठं असतो?" तो म्हणाला. "ह्यात भात ठेवलाय. उंदीर लागत नाय. आमी तिकडं निजतो. हे घर रात्री पण तापलेलंच असतं, बाबा."

"मग हे घेतलंस कशाला?"

"भाताला घर नको काय?"

तो थट्टा करत होता की खरंच सांगत होता, हे मला तेव्हाही कळलं नाही. पण पुढे पावसाळ्यात गेलो तेव्हा चित्र उलटं होतं. सगळं कुटुंब पक्क्या घरात आणि जुन्या घरात शेळ्या. रावजीला दोन्ही घरांचं काहीच वाटत नव्हतं. उन्हाळ्याला एक आणि पावसाला एक, एवढाच त्याचा हिशेब. घर या विषयावर इतका शहाणा माणूस मला नंतर भेटला नाही.

इकडे बोर्डीच्या बाजूला चिकूच्या वाड्यांमधले जुने बंगले बघा. पुरुषभर उंच जोतं, चारी बाजूंनी व्हरांडा, खिडक्यांना खालीवर हलणाऱ्या लाकडी पट्ट्या. समुद्राचा वारा कुठून येतो हे त्या बांधणाऱ्याने आधी बघितलं आणि मग भिंत उभी केली. आता त्याच रस्त्याला रिसॉर्ट झालीत. मुंबईच्या आणि सुरतेच्या पाहुण्यांना गावात आल्यासारखं वाटावं म्हणून त्यांच्यावरही कौलं असतात. पण खाली स्लॅब असतो, उतरता ओतलेला, आणि त्यावर कौलं चिकटवलेली असतात. पाणी अडवायचं काम स्लॅबचं, कौलांनी नुसतं बसून राहायचं. ती कुणी कधी उतरवणार नाही, झाडणार नाही. मला त्या कौलांचा राग येत नाही, पण मी त्यांच्याकडे फार वेळ बघत नाही.

जुन्या घरांचा मला पुळका आहे, असं कुणी समजू नये. आमचं घर गळायचं. आषाढात घरभर पातेली मांडलेली असत. उंदीर होते, एकदा घोणसही निघाली होती. संडास मागच्या परसात, आणि पावसात छत्री घेऊन तिथे जाणं किती कठीण असतं हे सुनंदाला विचारावं. आळीच्या पश्चिमेकडचे आम्ही काही जण बिल्डरला हो म्हणालो तेव्हा सगळ्यात आधी तीच हो म्हणाली होती, आणि तिचं चुकलं नाही. आज तिच्या स्वयंपाकघरात उजेड आहे, नळ सोडला की पाणी आहे, गुडघे दुखतात तर लिफ्ट आहे. बिल्डिंगला एक लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण ते फक्त पत्त्यात येतं. आम्ही नुसतं बिल्डिंग म्हणतो.

फक्त स्लॅबखाली बसून पाऊस पडतोय की थांबलाय हे कळत नाही. त्यासाठी खिडकीशी यावं लागतं.

बिल्डिंग बांधताना नियमाप्रमाणे बाजूने मोकळी जागा सोडावी लागते. ती जागा आमच्या जुन्या घराच्या जागेतून गेली. आमचं घर पाडलं, पण आमच्या आणि पूर्वेकडच्या शेजारीण कमूताईंच्या मधली भिंत सामाईक, ती पाडता येईना, कारण कमूताईंनी घर दिलं नव्हतं. त्यामुळे ती भिंत राहिली. बिल्डिंग झाली, लोक राहायला आले, मोकळ्या जागेचं पार्किंग झालं, आणि त्या पार्किंगच्या एका अंगाला आमच्या स्वयंपाकघराची भिंत तशीच, सगळ्यांना दिसेल अशी उभी राहिली.

घराच्या आतली भिंत बाहेरून बघणं विचित्र असतं. चुन्यात नीळ घालून दिलेला रंग, चुलीच्या जागी वरपर्यंत चढलेला काजळीचा पट्टा, कॅलेंडरचा खिळा, फळीच्या दोन खुणा, आणि मध्ये आईचा कोनाडा. पहिल्यांदा भाजी घेऊन येताना मी तिच्यासमोर थांबलो, तेव्हा मला उघड्यावर अंघोळ करताना कुणी बघितल्यासारखी लाज वाटली. मग सवय झाली. पहिल्या मजल्यावरच्या हसमुखभाईंचं किराणा दुकान आहे, ते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांची पांढरी गाडी आमच्या चुलीपाशी उभी असते. मी येता-जाता बघतो. कधी काही वाटतं, बहुतेकदा काही वाटत नाही.

त्या भिंतीला पाऊस माहीत नव्हता. मातीत रचलेल्या विटा आणि वरून चुना. दोन्हीकडे घर असणार या भरवशावर बांधलेली. छप्परही तिच्यावरून पुढे गेलेलं होतं, त्यामुळे तिच्या डोक्यावर वळचण कधी नव्हतीच. आता वरच्या कडेला एक पत्रा ठोकलेला होता तेवढाच. पहिल्या पावसात निळा रंग गेला. खालून हिरवा निघाला, तो मी लहान असतानाचा. दुसऱ्या पावसात हिरवाही गेला आणि मला कधी न दिसलेला पिवळसर चुना निघाला. मग विटा दिसायला लागल्या. दर पावसाळा संपला की भिंतीच्या पायथ्याशी लाल मातीचा एक बारीक ढीग साचे आणि झाडूवाली तो उचलून नेई.

मला वाटायचं, कमूताई एवढ्या टापटिपीच्या, तरी भिंतीकडे लक्ष कसं देत नाहीत? त्यांचं घर आळीत कौलांचं राहिलेलं शेवटचं घर. त्यांच्या पलीकडच्यांनीही स्लॅब टाकून घेतला. कमूताईंचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी फुग्यांच्या कारखान्यात काम करून मुलाला, महेशला, शिकवलं, आणि महेश आता वापीला एका कंपनीत चांगल्या जागेवर आहे. आगोटीत त्यांचे भावाकडचे लोक उधव्याहून येतात आणि एका दिवसात छप्पर चाळून जातात. समोरचा ओटा रोज सारवलेला, दाराच्या पितळी कड्या घासलेल्या. आणि आमच्या बाजूला ही अशी भिंत. पण मी बोललो नाही. दुसऱ्याच्या भिंतीबद्दल काय बोलायचं?

या वर्षी कमूताई लिफ्टने आमच्याकडे आल्या. बिल्डिंग झाल्यापासून त्या वर कधीच आल्या नव्हत्या. दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा एक हात अजून भिंतीवरच होता, लिफ्ट थांबलीय यावर भरवसा नसल्यासारखा. सुनंदाने पाणी दिलं. त्या बसल्या नाहीत, सरळ गॅलरीत गेल्या आणि खाली बघत राहिल्या.

"अगो बाई, माझं छप्पर असं दिसतं होय!" म्हणाल्या. मग लगेच, "ते बघा मधूभाऊ, आढ्याजवळचं कौल सरकलंय. तुम्हाला रोज दिसत असेल, एकदा सांगितलं नाहीत."

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

"खालून कसं ठाऊक असणार?"

मग त्या बसल्या आणि पदराच्या टोकाने चष्मा पुसायला लागल्या. सुनंदा चहा टाकायला गेली.

"महेश आला होता," कमूताई म्हणाल्या. "तो म्हणतो, आई, भिंत आतून ओली होते. खरंच हाय ते, गेल्या पावसात माझ्या खाटेजवळ एवढा डाग पडला. ओल हाताला लागते. तो म्हणतो, ही भिंत एक दिवस अंगावर येणार. या पावसाच्या आत दुरुस्त झाली तर ठीक, नाहीतर कुलूप लाव आणि वापीला चल. पुढचं मग बिल्डर बघेल."

"तुम्हाला जायचंय?"

"तिथं सहाव्या मजल्यावर घर हाय त्याचं. छान हाय. सून चांगली हाय." त्यांनी चष्मा घातला. "मला नाही जायचं."

हे त्या अगदी सरळ म्हणाल्या. मी म्हटलं, "मग भिंतीला प्लास्टर करून घ्या. एवढी वर्षं का नाही केलंत?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "मी कशी करणार?" म्हणाल्या. "ती तुमची बाजू."

"माझी?"

"मग कुणाची? तुमच्या आईची चूल होती तिथं. तुमच्या बाजूला मी हात लावला तर तुम्ही काय म्हणाल? मला वाटायचं, मधूभाऊ कधीतरी करून घेतील. दरवर्षी आगोट आली की मी म्हणायची, या वर्षी करतील. मग वाटलं, तुम्हाला तशीच ठेवायची असेल. घराची आठवण म्हणून. रोज उभे राहून बघता ना? मी बघितलंय तुम्हाला."

सुनंदा चहाचे कप घेऊन दारात उभी राहिली होती. तिला हसू आवरेना. "कमूताई, हे रोज मला सांगतात, बघ, कमूताईंचं भिंतीकडे लक्ष नाही!"

मग आम्ही तिघेही हसलो. घर गेलं, चूल गेली, छप्पर गेलं, सातबाऱ्यापासून मीटरपर्यंत सगळं बदललं, आणि ज्या भिंतीला एकच घर उरलंय तिच्या दोन बाजू आम्ही दोघं इमानेइतबारे सांभाळत बसलो होतो. त्यांनी आमच्या बाजूला हात लावायचा नाही, मी त्यांच्या भिंतीबद्दल बोलायचं नाही. या शिष्टाचारात भिंत चाललीय हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. हसू ओसरल्यावर मात्र मला उमगलं. त्या विचारायला आल्या होत्या. जे माझं नव्हतंच त्यासाठी माझी परवानगी मागायला, गुडघे धरत, लिफ्टची भीती वाटत असताना.

मी म्हटलं, "करा. उद्याच सुरू करा."

उद्या म्हणणं सोपं असतं. गवंड्याला चढायला बांबूंची परांची उभी करायची ती आमच्या पार्किंगमध्ये, म्हणजे सोसायटीला विचारणं आलं. संध्याकाळी खाली खुर्च्या मांडून बैठक झाली. कुणी म्हणालं, परवानगी दिली तर उद्या हक्क सांगतील. कुणी म्हणालं, तसंही हे घर आज ना उद्या जाणारच, बिल्डर बोलणी करतोय, मग खर्च कशाला? हे बोलणारा माणूस भाड्याने राहतो आणि त्याला या आळीत येऊन वर्षही झालेलं नाही. मला त्याचा राग आला, आणि मी तो बोलून दाखवला. "त्या घरात बाई राहतात," मी म्हटलं. "जाणार की नाही ते त्या ठरवतील."

हसमुखभाईंनी खुर्ची पुढे ओढली. "मधूभाई, काम करा ने, मी कुठे ना बोलतो?" ते म्हणाले. "पण सिमेंट पडणार, माझी गाडी मी कुठे ठेवू?"

"बाहेर, रस्त्यावर."

"रस्त्यावर तर बोंबील सुकवतात!"

सगळे हसले आणि परवानगी मिळाली. गाडी कुठे जाणार हे ठरेपर्यंत मात्र आणखी बराच वेळ गेला. शेवटी ती हसमुखभाईंच्या दुकानामागे गेली आणि तिथे तिच्यावर जांभळं पडली.

गवंडी आला तो आशागडचा. त्याने आधी सगळी भिंत खरवडली. मी खाली खुर्ची टाकून बसलो होतो. कुणी बसायला सांगितलं नव्हतं. काजळीचा पट्टा आधी गेला. तो इतक्या सहज जाईल असं वाटलं नव्हतं. लोखंडी घमेल्यात काळी पूड पडली आणि त्याच घमेल्यातून ती बाहेर गेली. खिळा त्याने पक्कडीने ओढून काढला आणि सवयीने खिशात टाकला. मग जाळी ठोकली, आणि वरून खाली प्लास्टर चढवत आला. दुपारी महेश वापीहून आला. त्याने भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकून बघितलं, डॉक्टर पोटावर ठोकतात तसं, आणि एवढंच म्हणाला, "कोनाडा राहिलाय."

त्याने मला आत नेलं. कमूताईंच्या खोलीत मी कितीतरी वर्षांनी जात होतो. खाट भिंतीपासून दूर सरकवलेली होती, आणि उशाशी भिंतीवर डाग होता. वरून गोल, खालून सपाट. आमच्या कोनाड्याच्या मापाचा. भिंत तिथे अर्धीच जाड होती, कारण अर्धी जाडी आम्ही आमच्या बाजूने कोरून घेतली होती, माझ्या जन्माच्याही आधी. डागाभोवती पांढरी बुरशी धरल्यासारखं दिसत होतं.

"इथून येतंय पाणी," महेश म्हणाला. "हा नीट भरला नाही तर बाकी प्लास्टर करून उपयोग नाही, काका. मग मी आईला इथे ठेवणार नाही."

बाहेर आलो. गवंड्याने सगळी भिंत राखाडी करत आणली होती, फक्त कोनाड्याभोवती जागा सोडली होती. कमूताई तिथे उभ्या होत्या, त्यांनीच त्याला थांबवलं होतं. "मधूभाऊंना विचारल्याशिवाय नको," असं सांगून.

"वरवर लेप दिला तर कोनाडा राहील," त्या मला हळूच म्हणाल्या. "आकार तरी राहील. तुमच्या आईचा हाय. महेशला मी समजावते."

त्या खरंच मनापासून म्हणत होत्या. खाटेजवळची ओल सोसायची, लेकाशी भांडायचं आणि माझ्या आईचा कोनाडा ठेवायचा, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं.

मी पुढे होऊन कोनाड्यात हात घातला. खरं तर का घातला ते सांगता येणार नाही. आत काहीच नव्हतं. तळाला मात्र बोटांना ओलसर, खरबरीत लागलं. भर मे महिन्यात, सगळी भिंत तापलेली असताना, तेवढी जागा ओली होती. हात बाहेर काढला तर बोटांच्या टोकांना पांढरं लागलं होतं. मी ते जिभेला लावलं.

मीठ.

तिथे मिठाची बरणी असायची. उघडी, लाकडी झाकण कायम बाजूला ठेवलेली. आईचा ओला हात दिवसातून कितीदा तरी त्या बरणीत जायचा आणि सांडलेलं मीठ तळाशी साचायचं. तिच्या सगळ्या संसाराचं मीठ त्या विटा पीत राहिल्या होत्या. आता त्या हवेतली ओल ओढून घेत होत्या आणि कमूताईंच्या उशाशी नेऊन सोडत होत्या.

कमूताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी गवंड्याला म्हटलं, "तळाच्या विटा काढून टाक. मीठ मुरलंय त्यांत. नव्या विटांनी पूर्ण भर, आणि वरून सपाट कर."

"आकार नको ठेवायला?" कमूताईंनी विचारलं.

"नको."

गवंड्याने विटा काढल्या. त्या हातातच भुगा होत होत्या. मग नव्या विटा ठोकून बसवल्या, आणि थापीच्या चार फटक्यांत तिथे काही होतं असं वाटेनासं झालं. मला रडू आलं नाही. पण मी परत खुर्चीत जाऊन बसलो, सिमेंटचा रंग सुकून फिका होईपर्यंत तिथेच बसून राहिलो, आणि आईची आठवण आली हे कुणापाशी लपवलंही नाही.

तिन्हीसांजेला महेश निघाला. त्याने जाता जाता आईला विचारलं, "मग, पिशवी भरायची नाही ना?"

"कशाला? आता भिंत पक्की हाय," कमूताई म्हणाल्या, आणि नव्या प्लास्टरवर पहिल्यांदाच, पालथा हात टेकवून बघितला. "मधूभाऊंनी त्यांची बाजू देऊन टाकली मला."